एकोणपन्नास पायऱ्यांचे यंत्र

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा १९८२ सालचा ‘एचपी-१५सी’ हा कॅल्क्युलेटर २०११ मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये पुन्हा काढण्यात आला. मधल्या काळात त्याच्यावाचून कोणाचे गणित अडून राहिले होते असे नाही. ही मागणी जुन्या आठवणींची होती. प्रोग्रॅम करता येणाऱ्या जुन्या पॉकेट कॅल्क्युलेटरांविषयी हळहळणारी मंडळी बहुधा तीन गोष्टी सांगतात : ती यंत्रे अचूक होती, भक्कम होती आणि माणसाला विचार करायला लावीत. यातले तिसरे विधान शिक्षकांनी तपासून पाहण्यासारखे आहे. पहिल्या दोहोंचा निकाल लवकर लागतो.

१९७२ चा एचपी-३५ हा खिशात मावणारा पहिला शास्त्रीय कॅल्क्युलेटर. सुरुवातीच्या यंत्रांत २.०२ चा नैसर्गिक लॉग काढून लगेच त्याचा अँटीलॉग घेतला, की उत्तर नुसते २ येई. उरलेले ०.०२ कुठे गेले ते यंत्रालाच ठाऊक! १९७४ च्या एचपी-६५ मध्ये प्रोग्रॅम छोट्या चुंबकीय पट्टीवर साठवता येई. पण ही पट्टी आत ओढणारे रबरी चाक काळाने चिकट होऊन जाते, आणि आज असे यंत्र मिळवणाऱ्याला बहुधा आधी त्याचीच दुरुस्ती करावी लागते. शिवाय त्याची किंमत होती ७९५ डॉलर. या यंत्रांच्या आठवणी आपण ऐकतो त्या ती ज्यांना परवडली किंवा कचेरीतून मिळाली त्यांच्या, हे विसरून चालणार नाही.

विचार करायला लावण्याच्या मुद्द्यासाठी मी १९७५ चा एचपी-२५ घेईन. किंमत १९५ डॉलर, प्रोग्रॅमसाठी फक्त ४९ पायऱ्या, आकडे साठवायला आठ कप्पे. पट्टी वगैरे काही नाही. यंत्र बंद केले की प्रोग्रॅम पुसला जाई. (बंद केल्यावरही स्मृती टिकवणारा २५सी १९७६ मध्ये आला.) प्रोग्रॅम पडद्यावर दिसे तो केवळ आकड्यांत : ३१ म्हणजे तिसऱ्या ओळीतली पहिली कळ, ६१ म्हणजे सहाव्या ओळीतली पहिली, म्हणजे गुणाकार. बरोबरच्या चिन्हाची कळच नव्हती. आधी संख्या द्यायच्या, मग क्रिया. आतल्या चार खणांच्या चळतीत कोणती संख्या कुठे बसली आहे, हे वापरणाऱ्याने मनात धरायचे.

एक उदाहरण घेऊ. शून्य ते एक यांमधली एखादी संख्या क्ष घ्या आणि पुढील सूत्र पुन्हा पुन्हा वापरा : नवा क्ष = र × (क्ष − क्षचा वर्ग). र कप्पा शून्यमध्ये ठेवला आणि क्ष पडद्यावर असला, तर एचपी-२५ वर हा प्रोग्रॅम असा होतो : एंटर (चळतीत क्ष दोनदा), वर्ग, वजा, कप्पा शून्यमधला र आणा, गुणा, क्षणभर थांबून उत्तर दाखवा, पहिल्या पायरीकडे जा. सात पायऱ्या झाल्या. हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आत काय चालले आहे ते सगळे, अगदी सगळे, माहीत असते. हे समाधान आजच्या संगणकावर मिळत नाही, आणि हळहळणाऱ्यांचे येथवर बरोबर आहे.

आता तो चालवू. र २.८ असेल तर आकडे डुलत डुलत ०.६४२९ जवळ येऊन थांबतात. र ३.२ केला की ते थांबत नाहीत, ०.५१३० आणि ०.७९९५ या दोन संख्यांत फिरत राहतात. ३.५ ला चार संख्यांचे चक्र होते. मग आठ, सोळा, याप्रमाणे. ही दुप्पट होण्याची स्थाने सुमारे ३, ३.४४९५, ३.५४४१ आणि ३.५६४४ अशी आहेत. त्यांच्यातील अंतरे काढून प्रत्येक अंतराला पुढच्या अंतराने भागायला मुलांना सांगा.

१९७५ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे मिचेल फायगेनबाउम हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ एचपी-६५ घेऊन याच दुपटीच्या मागे लागला होता. यंत्र अतिशय मंद. पुढचे मूल्य शोधायचे तर आरंभाला चांगला अंदाज हाताशी असला पाहिजे, नाही तर वाट पाहत बसावे लागे. म्हणून तो आधीच्या मूल्यांवरून पुढचे मूल्य कोठे असेल याचा अंदाज बांधू लागला, आणि अंतरे ठराविक पटीने लहान होत आहेत हे त्याला दिसले. ती पट ४.६६९२... पुढे इतर अनेक सूत्रांतही हीच संख्या निघाली. आज ती त्याच्या नावाने ओळखली जाते. वेगवान संगणकाने मूल्यांची यादी क्षणात दिली असती, आणि अंदाज बांधण्याची गरजच पडली नसती.

विचार करायला लावणारी गोष्ट येथे नेमकी सापडते. ती कळांच्या स्पर्शात नाही, लाल आकड्यांत नाही, कंपनीच्या नावात तर नाहीच. दोन उत्तरांच्या मधला रिकामा वेळ आणि त्या वेळात बांधलेला अंदाज, एवढीच ती आहे. पुन्हा काढलेल्या १५सी मध्ये जुन्या कळा जुन्या जागी आहेत, वेग मात्र जुन्यापेक्षा कितीतरी अधिक. म्हणजे जे उपयोगी पडले तेच नेमके गाळले गेले! अर्थात मंदपणा हा तरी कोणी गुण म्हणून घातला नव्हता. फायगेनबाउमच्या हातात तो कामी आला. इतर हजारोंच्या हातात तो निव्वळ खोळंबा होता.

रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकातील लेखात हेच सूत्र विद्यार्थ्यांना लवकर दाखवावे, कॅल्क्युलेटरवर किंवा हातानेही करता येते, असे सुचवले होते. आपल्याकडे बारावीच्या परीक्षेत लॉग टेबल चालते, कॅल्क्युलेटर चालत नाही; त्यामुळे वर्गात तो लपवून आकडेमोड उरकण्याचे साधन झाला आहे. तो उघडपणे बाकावर आणण्यासाठी जुने यंत्र नको. दुकानात मिळणाऱ्या साध्या शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर आधीचे उत्तर परत आणणारी ‘आन्स’ नावाची कळ असते. ०.४ लिहून बरोबरची कळ दाबा, मग २.८ × आन्स × (१ − आन्स) लिहा आणि बरोबरची कळ दाबत राहा. चळतीची कसरत यात नाही, ती उणीव मी मान्य करतो. पण प्रत्येक वेळी कळ दाबण्याआधी आकडा वर जाईल की खाली, हे वहीत लिहायला लावता येते.

र बरोबर ३ घेऊन मात्र एकदा अवश्य पाहा. आकडे ०.६६६७ कडे जातात खरे, पण इतके सावकाश की सेकंदाला एक याप्रमाणे पूर्ण तास कळ दाबली, तरी तिसरे दशांशस्थान हलतच असते. मुले म्हणतील, सर, कॅल्क्युलेटर बिघडला.