आक्रोश आणि शब्द

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘इंडियन कँप’ ही १९२४ सालीं प्रसिद्ध झालेली लघुकथा मोजक्या पानांची आहे. परंतु तिची टोंचणी मनांतून सहजासहजीं जात नाहीं. एक डॉक्टर आपल्या लहान मुलास बरोबर घेऊन होडीनें सरोवर ओलांडतो व अमेरिकेंतील मूळ रहिवाशांच्या वस्तींत एका अडलेल्या स्त्रीची सुटका करावयास जातो. दोन दिवस ती वेणा देत आहे. गुंगीचें औषध जवळ नाहीं; म्हणून खिशांतील चाकूनेंच पोट चिरून तो मूल बाहेर काढतो. तिचें ओरडणें थांबेल असें कांहीं तरी द्या, असें मुलगा विनवितो. त्या ओरडण्याला महत्त्व नाहीं व म्हणून तें आपणांस ऐकूंच येत नाहीं, अशा आशयाचें उत्तर डॉक्टर देतो. वरच्या फळीवर निजलेल्या नवऱ्याला मात्र तें ऐकूं येत असतें. अखेर पाहावें तों त्यानें आपला गळा चिरून घेतलेला असतो.

या डॉक्टरास निर्दय म्हणून मोकळें होणें न्याय्य नव्हे. शस्त्र धरणाऱ्याचा हात कांपून चालत नाहीं. दोष दिसतो तो शस्त्र खालीं ठेवल्यावर. काम फत्ते होतांच त्याला आठवतें तें वैद्यकीय मासिक! हा गर्व लेखकानें नवऱ्याच्या प्रेताशेजारीं आणून ठेवला, यांत त्याची कला आहे.

परंतु येथेंच माझा आक्षेपही आहे. संबंध कथेंत त्या स्त्रीला नांव नाहीं, तिच्या तोंडीं एक शब्द नाहीं. बायकांना नेहमींच इतका त्रास होतो का, असें मुलगा परततांना एकदां विचारतो. एका वाक्यांत त्याचें समाधान होतें आणि पुढचें बोलणें मरणाकडे वळतें. टीकाकारांनींही बहुधा तीच वाट धरली: नवऱ्यानें जीव कां दिला, मुलास काय उमगलें. मीही वर्षानुवर्षें वर्गांत हेंच शिकवीत आलों. एकदां एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, त्या बाईचें पुढें काय झालें?” तें कथेच्या कक्षेबाहेरचें आहे, असें सांगून मी पुढें गेलों. मीं डॉक्टरचेंच उत्तर निराळ्या शब्दांत दिलें होतें, हें फार उशिरां ध्यानांत आलें.

हा प्रश्न केवळ दयेचा नाहीं. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४६ सालीं डॉक्टर व विद्यार्थी यांच्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक माता दगावल्या. सुइणींच्या विभागांत शेंकडा ३ हूनही कमी. पहिल्या विभागांत घालूं नका, म्हणून स्त्रिया गुडघे टेंकून विनवीत, असें तेथील डॉक्टर सेमेलवाइस यांनींच लिहून ठेवलें आहे. रोगाचें कारण त्या बायकांस ठाऊक नव्हतें. धोका ठाऊक होता. उलट त्यांची भीति हेंच रोगाचें एक कारण मानलें जाई! शवविच्छेदन करून आलेले हात क्लोरिनच्या द्रावणानें धुण्याची सक्ति सेमेलवाइस यांनीं १८४७ सालीं केली, तेव्हां मृत्यु झपाट्यानें उतरले. जिला भीति म्हटलें, ती साक्ष होती.

“सगळ्याच बायका बाळंत होतात, तुझेंच काय नवल?” हें वाक्य आपल्या घरांतही परकें नाहीं; म्हणणारी पुष्कळदां स्वतः त्यांतून गेलेली असते. प्रसूतिवेदनेवर वाङ्मयानें अश्रू पुष्कळ ढाळले. पण अश्रू ढाळणें म्हणजे तिच्या म्हणण्यावर विश्वास ठेवणें नव्हे. न ऐकणाऱ्याचें इतकें अचूक चित्र मीं दुसरीकडे पाहिलें नाहीं, म्हणून ही कथा मी यंदाही शिकविणार आहें. आरंभ मात्र त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापासून करीन.