एका मृत्युलेखाची दोन रूपे

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपल्याकडे दक्षिणेला तोंड करून कणकेचा एक दिवा लावतात. घरातल्या कुणाला अकाली मरण येऊ नये, एवढेच त्या दिव्याचे मागणे असते. सणाचा आरंभच जिथे अकाली मृत्यूच्या आठवणीने होतो, तिथे दिवाळी अंकाच्या पानांत एका मृत्युलेखाविषयी चार शब्द लिहिले तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. हा लेख मुळात भाषण आहे. तो हिब्रू भाषेतला आहे आणि छापील एक पानही भरणार नाही इतका लहान आहे. कोकणातून आणि मुंबईतून आपली मराठी घेऊन गेलेली बेने इस्राएल कुटुंबे ज्या देशात नांदतात, त्या इस्राएलमध्ये हे भाषण अजून वाचले जाते, शिकवले जाते आणि वादांत पुराव्यासारखे पुढे केले जाते. ते ज्याच्यासाठी केले गेले तो तरुण मात्र त्यात कितपत उरला आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या लेखाचा विषय तोच.

तरुणाचे नाव रोई रोटबर्ग. जन्म 1935 चा, तेल अवीव शहरातला. 1948 च्या युद्धात हा पोरसवदा मुलगा सैन्याचे निरोप पोचवीत धावत होता. पुढे शहर सोडून तो गाझाच्या सीमेला अगदी खेटून वसलेल्या नाहाल ओझ या वस्तीत राहायला गेला. ही वस्ती 1951 मध्ये तरुण सैनिकांनी वसवली आणि 1953 मध्ये तिचा किबुत्झ झाला. किबुत्झ म्हणजे सामाईक मालकीचे गाव. त्या काळी तिथे जमीन सर्वांची असे, भोजनगृह एक असे, खासगी पगार नसे. अशा सीमेवरच्या गावात शेतकरी आणि सैनिक अशी दोन वेगळी माणसे नसत. जो नांगर धरी त्यालाच रात्री पहाऱ्यावर उभे राहावे लागे. रोईकडे वस्तीच्या सुरक्षेचे काम होते. घोड्यावर बसून शेतांची राखण करायची आणि सीमा ओलांडून आलेल्यांना पिटाळायचे, प्रसंगी गोळी झाडूनसुद्धा, हा त्याचा रोजचा शिरस्ता. घरी पत्नी होती आणि तान्हा मुलगा.

29 एप्रिल 1956 रोजी किबुत्झाच्या शेतात काही लोक पीक कापताना दिसले. रोई घोडा दौडवीत त्यांना हाकलायला गेला. तो सापळा होता. त्याला गोळी घालून घोड्यावरून पाडण्यात आले आणि त्याचा देह सीमेपलीकडे ओढून नेण्यात आला. संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने तो परत मिळाला, तेव्हा त्याची विटंबना झालेली होती. रोईचे वय एकवीस वर्षांचे. वस्तीत त्या सुमारास लग्नसमारंभाची तयारी चालली होती.

दुसऱ्या दिवशी थडग्यापाशी भाषण केले ते इस्राएलचे सरसेनापती मोशे दायान यांनी. दायान यांचा जन्मही 1915 मध्ये देगानिया या पहिल्याच किबुत्झावर झालेला. त्यांचा धाकटा भाऊ 1948 च्या युद्धात पडला होता. शेत आणि थडगे या दोहोंचे नाते त्यांना कुणी समजावून सांगायला नको होते.

भाषणाची पहिली थोरवी अशी की त्यात सूडाची आरोळी नाही. मारेकऱ्यांना दोष देऊ नका, असेच ते सुरू होते. पलीकडच्या निर्वासितांच्या छावण्यांत माणसे आठ वर्षे बसून आहेत आणि त्यांच्या बापजाद्यांची जमीन व गावे आपण आपलीशी करीत आहोत, हे त्यांच्या डोळ्यांदेखत घडते आहे, असे हा सेनापती उघड्या थडग्याशी उभा राहून सांगतो. शत्रूचे दुःख इतक्या स्वच्छपणे बोलून दाखवणारा सेनानी विरळाच. वाक्ये आखूड आहेत, शब्द जुन्या धर्मग्रंथाच्या वळणाचे आहेत. गाझाच्या वेशीची दारे खांद्यावरून उचलून नेणारा शमशोन त्यात येतो, आणि तीच दारे या कोवळ्या मुलाच्या खांद्यांना पेलली नाहीत, अशी कलाटणी त्याला मिळते. गद्य म्हणून हे भाषण मोठे आहे, यात मला शंका वाटत नाही.

पण हेच भाषण पुन्हा वाचले की मन अडखळते. निर्वासितांचे दुःख सांगून झाल्यावर दायान जो निष्कर्ष काढतात तो समेटाचा नाही. ते आपला द्वेष करणारच, म्हणून तलवार हातातून गळू देऊ नका, असा तो निष्कर्ष आहे. शत्रूचे मन कळले, आणि त्या कळण्याचीच ढाल झाली. दोष आपलाच, असेही ते म्हणतात. परंतु हा दोष बेसावधपणाचा आहे, धोरणाचा नव्हे. त्याच महिन्याच्या 5 तारखेला इस्राएली तोफांच्या माऱ्यात गाझा शहरातले कितीतरी नागरिक मरण पावले होते. तोफा ज्यांच्या हुकुमाखाली होत्या त्या सेनापतींच्या भाषणात त्यांचा उल्लेख नाही.

आणि रोई? भाषणातला रोई हा शांततेच्या ओढीने डोळे दिपलेला, भोळा, स्वप्नाळू मुलगा आहे. त्याला पाते चमकलेले दिसले नाही, खुनाची चाहूल ऐकू आली नाही, असे दायान म्हणतात. इथे समीक्षकाने थांबलेच पाहिजे. सीमेवर रोज घोडा फिरवणारा, माणसे पिटाळणारा सुरक्षा-अधिकारी आणि ज्याला पाते दिसत नाही असा स्वप्नाळू मुलगा, हे दोघे एकच कसे? रोईला धोका ठाऊक होता. तो धोका हेच त्याचे काम होते. त्या दिवशी त्याचा अंदाज चुकला, एवढेच. कामावरच्या माणसाचा अंदाज चुकतो तसा. दायान यांना मात्र एक दृष्टान्त हवा होता: भोळेपणाचे फळ मृत्यू, म्हणून भोळे राहू नका. त्या दृष्टान्तात बसावा म्हणून मेलेल्या माणसाला त्यांनी भोळे केले. भाषणाने शत्रू अचूक पाहिला आणि आपला माणूस गमावला.

पुढची हकीगत अधिक बोलकी आहे. दायान यांनी हे भाषण आकाशवाणीसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केले, तेव्हा निर्वासितांविषयीची ती वाक्ये त्यातून गळली. थडग्यापाशी जमलेल्या मूठभर लोकांना जे ऐकवता आले ते घरोघरच्या श्रोत्यांना ऐकवले गेले नाही. एकाच मृत्युलेखाची ही दोन रूपे. पहिल्यात रोई हरवला होता, दुसऱ्यात शेजारीही हरवला. उरली ती तलवार. सहा महिन्यांनी, 29 ऑक्टोबर 1956 रोजी, सिनाईचे युद्ध सुरू झाले.

ही गोष्ट एकट्या दायान यांची नाही. मोशे शामीर या लेखकाची ‘तो शेतांतून चालत गेला’ ही कादंबरी 1947 ची. शामीर स्वतः काही वर्षे किबुत्झात राहिलेले. त्यांचा नायक उरी किबुत्झात जन्मलेला, हट्टी, आईबापांच्या बिनसलेल्या संसारात वाढलेला आणि प्रेम करणाऱ्या मुलीशी नीट वागू न शकणारा. कादंबरीत तो मरतो सरावाच्या वेळी, हातबाँबच्या अपघातात. म्हणूनच तो खरा वाटतो. युद्धात माणसे अशीही मरतात, आणि त्यांच्या आयांचे रडणे त्यामुळे कमी होत नाही. कादंबरीचे नाटक 1948 मध्ये ऐन युद्धात रंगभूमीवर आले आणि 1967 मध्ये चित्रपट निघाला. चित्रपटातल्या उरीला पूल उडवण्याच्या मोहिमेत मरण येते. अपघाताचा पराक्रम झाला. ही भूमिका करणारा तरुण होता असी दायान, मोशे दायान यांचा मुलगा! कथाकाराने जुळवला असता तर आपण या योगायोगावर विश्वास ठेवला नसता.

याच्या उलट वाट धरणारे पुस्तकही त्याच वर्षाचे आहे. जूनमधले सहा दिवसांचे युद्ध संपल्यावर आव्राहाम शापिरा, कादंबरीकार आमोस ओझ आणि त्यांचे सोबती टेपरेकॉर्डर घेऊन किबुत्झांतून हिंडले आणि राखीव दलातून लढून परतलेल्या तरुणांना त्यांनी बोलते केले. देश विजयोत्सवात असताना हे शेतकरी-सैनिक भीती, लाज, मेलेले मित्र आणि रस्त्याने चाललेले निर्वासित यांविषयी बोलले. पुस्तक अफाट खपले. मात्र टेपवरचे सगळे त्यात आले नाही. काही संपादकांनी गाळले, काही लष्करी सेन्सॉरने. त्या टेप मोर लुशी या दिग्दर्शिकेच्या माहितीपटातून 2015 मध्ये लोकांनी ऐकल्या, तेव्हा ते तरुण म्हातारे झाले होते. पडद्यावर ते आपलाच जुना आवाज ऐकत बसलेले दिसतात.

7 ऑक्टोबर 2023 रोजी नाहाल ओझवर हमासचा हल्ला झाला. गावातली माणसे मारली गेली, काहींना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझातली हजारो माणसे, त्यांत कितीतरी मुले, प्राणांस मुकली. त्या दिवसांत दायान यांचे भाषण पुन्हा उद्धृत होऊ लागले. कुणी त्यातली तलवार उचलली, कुणी छावणीतले डोळे. ज्याने त्याने आपल्याला हवे ते रूप घेतले.

मृत्युलेखाची माझी कसोटी साधी आहे. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी तो वाचून, होय, हा आमचाच, असे म्हणावे. राष्ट्रे ही कसोटी लावीत नाहीत, त्यांना दृष्टान्त लागतात. पण वाचकाने ती लावावी. रोईचा मुलगा बाप आठवण्याइतका मोठा झालेला नव्हता. मोठेपणी त्याने ते विख्यात भाषण वाचले असेल, तर त्यात त्याला शमशोन भेटला असेल, गाझाची दारे भेटली असतील. बाप घोड्यावर कसा बसायचा, हे मात्र त्याला दुसऱ्या कुणाला तरी विचारावे लागले असेल.