घरखर्चाची आकडेवारी आणि ‘कुटुंबप्रमुख’ : एक चिकित्सा

घरखर्चासंबंधीची शासकीय आकडेवारी महाविद्यालयीन प्रकल्पांत आणि शोधनिबंधांत सर्रास वापरली जाते. ‘स्त्री-प्रमुख कुटुंबे’ असा तक्ता आढळला की तेवढ्या घरांत आर्थिक निर्णय स्त्रीच्या हाती आहेत, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः तो त्या तक्त्यातून निघत नाही. तेथे मोजलेले असते ते पद. निर्णय मोजलेला नसतो.

२०११ च्या जनगणनेची व्याख्या उदार आहे. घरातील माणसे जिला प्रमुख मानतात ती व्यक्ती प्रमुख. ती सर्वांत वडील पुरुष किंवा कमावती असलीच पाहिजे असे नाही. तरीही त्या जनगणनेत सुमारे ११ टक्के कुटुंबांतच स्त्री प्रमुख म्हणून नोंदली गेली. व्याख्या प्रगणकाच्या पुस्तिकेत राहते. उंबरठ्यावर काम करते ती भाषा. मराठीत ‘कर्ता’ आणि उर्दूत ‘सरबराह’ म्हटले की पुरुषच डोळ्यांपुढे येतो. जुन्या मराठीत ‘आमचे कुटुंब’ म्हणजे पत्नी. उर्दूतील ‘अहलिया’ हा शब्दही ‘अहल’, म्हणजे घरची माणसे, यावरूनच आलेला आहे. दोन्ही भाषांनी घराचे नाव स्त्रीला दिले, घराचे प्रमुखपद मात्र पुरुषाकडे ठेवले.

याचा परिणाम दुहेरी होतो. घर स्वतःच्या हिशेबाने चालविणारी विधवा आई प्रमुख म्हणून वीस वर्षांच्या मुलाचे नाव सांगू शकते. उलट, पती आखातात नोकरीस असेल तर नोंद नेहमी राहणाऱ्यांचीच होत असल्यामुळे पत्नी प्रमुख ठरते. घर बांधायचे की मुलीला पुढे शिकवायचे, हे मात्र दूरध्वनीवरून तिकडे ठरत असू शकते. पहिली स्त्री तक्त्यातून गळते, दुसरी त्यात वाजवीपेक्षा मोठी दिसते.

कायद्याने दिलेले पद आणखी वेगळे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १३ नुसार शिधापत्रिकेपुरती घरातील १८ वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते. कर्नाटकात २०२३ साली सुरू झालेल्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेत दरमहा २००० रुपयांसाठी घरची ‘यजमानी’ याच शिधापत्रिकेवरून ठरविण्यात आली. म्हणजे बेळगावातील एखादी स्त्री शिधापत्रिकेवर प्रमुख आणि पाहणीच्या नोंदीत ‘प्रमुखाची पत्नी’ असू शकते. पैसा तिच्या नावे येणे ही क्षुल्लक बाब नव्हे. पण तो कोणाच्या इच्छेने खर्च होतो, हे त्या नावावरून कळत नाही.

उपभोग-खर्चाच्या पाहणीतही हा प्रश्न सुटत नाही. २०२३-२४ च्या पाहणीत देशातील दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४१२२ रुपये, तर शहरी भागात ६९९६ रुपये आढळला. ‘दरडोई’ म्हणजे कुटुंबाचा खर्च भागिले माणसे. कोणाच्या ताटात काय पडले, हे त्या भागाकारात दिसत नाही. स्त्री-प्रमुख कुटुंब लहान असेल तर त्याचा दरडोई खर्च जास्त दिसू शकतो. त्यास स्त्रीच्या निर्णयशक्तीचे फळ समजणे ही ढोबळ चूक होय.

निर्णयाविषयी थेट विचारणा करते ती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ८८.७ टक्के विवाहित स्त्रिया घरातील तीन निर्णयांत सहभागी असल्याचे शासकीय सारपत्रक सांगते. तिन्ही निर्णयांत सहभागी असणाऱ्या मात्र सुमारे ७१ टक्केच आहेत. स्वतःचे औषधपाणी, मोठी खरेदी आणि नातेवाइकांकडे जाणे हे ते तीन निर्णय. एकटीने घेतलेला आणि पतीबरोबर घेतलेला निर्णय येथे एकाच ‘सहभागा’त जमा होतो. शिवाय प्रश्न विचारले जातात ते १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांना; विधवा किंवा पन्नाशी ओलांडलेली सासू या हिशेबात येतच नाही. २००५-०६ च्या पाहणीत रोजच्या खरेदीविषयीही प्रश्न होता. पुढील दोन पाहण्यांच्या तक्त्यांत तो उरला नाही. याच पाचव्या पाहणीत स्त्री-प्रमुख कुटुंबे सुमारे १८ टक्के आढळली. परंतु जनगणनेच्या ११ टक्क्यांशेजारी हा आकडा मांडून वाढ सिद्ध करणे योग्य नव्हे, कारण दोन्हींची पद्धत वेगळी आहे.

आकडेवारी टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. ती ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तोच प्रश्न तिला विचारला पाहिजे. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून मोहल्ल्याची लहानशी पाहणी करून घेतली तरी चार बाबी वेगळ्या नोंदविता येतील : माहिती कोणी दिली, कागदावर नाव कोणाचे, पैसा कोणाच्या हाती असतो आणि कोणी ‘नको’ म्हटले की खरेदी थांबते. या चार रकान्यांत एकच नाव किती घरांत येते, हे पाहिल्यावरच घराच्या कारभाराविषयी काही बोलता येईल. स्त्री-प्रमुख कुटुंबांसाठी योजना आखल्या जातात तेव्हा मुलाचे नाव पुढे करणारी विधवा पहिल्याच रकान्यात मागे पडते. तिची नोंद नीट व्हावी, एवढ्यासाठी तरी हा काटेकोरपणा आवश्यक आहे.