आशेचे कथनरूप : ‘स्मृतिचित्रे’ आणि साक्षीची परंपरा

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे (१९३४–३६) वाचन मराठीत प्रामुख्याने दोन दिशांनी होत आले आहे. एका वाचनाला या आत्मकथनातील निर्मळ विनोद, घरगुती बोलीचा जिवंतपणा आणि एका विलक्षण दांपत्याचे चित्रण मोलाचे वाटते. त्यातील ख्रिस्ती श्रद्धा हे वाचन चरित्राचा तपशील म्हणून बाजूला ठेवते. दुसरे वाचन धार्मिक आहे. ते या ग्रंथाकडे धर्मांतराची साक्ष म्हणून पाहते आणि विनोदाला लेखिकेच्या स्वभावाचा भाग मानून पुढे जाते. ही दोन्ही वाचने वरवर परस्परविरोधी असली तरी श्रद्धा आणि विनोद वेगळे काढता येतात, हे त्यांचे गृहीतक एकच आहे. हे गृहीतक तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘साक्ष’ हा ख्रिस्ती लेखनातील एक रूढ प्रकार आहे. त्याचा रचनाबंध ठरलेला असतो : आधी अंधार, मग संकटाची परिसीमा, मग प्रकाश. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचे ‘अरुणोदय’ (१८८४) हे शीर्षकच या रचनेची ग्वाही देते. या बंधात आशा ही कथेची फलश्रुती असते. ती शेवटी हाती येते, आणि ती उजळ दिसावी म्हणून पूर्वायुष्य काळोखे रंगवावे लागते. पंडिता रमाबाईंनी १९०७च्या आपल्या इंग्रजी निवेदनात या बंधाला तडा दिला होता. १८८३मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्या देतात. म्हणजे धर्मांतर आणि आशा हे दोन क्षण एक नव्हेत. तरीही त्यांच्या निवेदनाची चाल शोधाकडून प्राप्तीकडे जाणारी, म्हणजे साक्षीचीच राहते.

येथे ‘आशा’ या शब्दाचा मराठी इतिहास लक्षात घ्यायला हवा. संतपरंपरेत आशा बहुधा बंधनाच्या बाजूची असते. तो पाश आहे, तोडण्याची गोष्ट आहे. आणि ‘निराश’ होणे ही तेथे विरक्ताची थोरवी ठरते. मराठी बायबलने मात्र विश्वास आणि प्रीती यांच्या जोडीला आशेला बसवले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल संकटापासून धीर, धीरापासून कसोटीला उतरलेले शील आणि शीलापासून आशा अशी मालिका लावतो. तेथे आशा ही वासना नाही आणि संकटमुक्तीचे आश्वासनही नाही. सोसण्यातून घडत गेलेली ती एक वृत्ती आहे. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे मानणाऱ्या नारायण वामन टिळकांच्या घरात शब्दाचे हे दोन्ही अर्थ नांदत असणार. ‘स्मृतिचित्रे’ त्यांची तात्त्विक चर्चा करीत नाही. ते ही वृत्ती कथनातून घडवते.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा आणि लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षे हा ग्रंथाचा मर्मभाग होय. सोवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेल्या वडिलांच्या घरात वाढलेल्या या स्त्रीचा पती धर्मानेच दुरावतो. आधी ताटातूट, मग जवळ राहूनही सोवळे वेगळे, असा तो काळ आहे. साक्षीच्या बंधाला येथे एका दिव्य क्षणाची अपेक्षा असते. लक्ष्मीबाई तो देत नाहीत. त्यांच्या मनातील निर्णायक वळण येते ते एका साध्या प्रश्नाने : जाती देवाने केल्या की माणसाने? या प्रश्नाचे उत्तर त्या स्वतःच्या बुद्धीने शोधतात, आणि त्याचा पहिला परिणाम खाण्यापिण्याच्या व्यवहारात दिसतो. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. श्रद्धेने आधी त्यांचे स्वयंपाकघर बदलले, हे या कथनाचे वेगळेपण म्हणावे लागेल.

शिवाय बाप्तिस्म्यानंतर संकटे थांबत नाहीत. हाती आलेला पैसा वाटून टाकणारे, न सांगता घर सोडून जाणारे टिळक ख्रिस्ती झाल्यावरही तेच टिळक राहतात. १९१७मध्ये ते मिशनची नोकरी सोडतात. १९१९मध्ये त्यांचे निधन होते. पूर्वायुष्य आणि उत्तरायुष्य यांना निवेदिका एकाच सुरात सांगते. आधीचा काळ ती काळा करीत नाही आणि नंतरचा सोनेरी करीत नाही. हा समतोल विनोदाने साधला आहे. ज्या माणसाने आपल्याला रडवले त्याच्याकडे, आणि रडणाऱ्या आपल्याकडेही, हसून पाहता येणे म्हणजे त्या दुःखाला अंतिम सत्ता नाकारणे होय. पौलाने सांगितलेली आशा येथे निवेदनाचा सूर झाली आहे. म्हणून या ग्रंथातील विनोद हे श्रद्धेचेच कथनरूप आहे, असे मला वाटते.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. हा विनोद म्हणजे पुरुषी लहरींशी केलेली तडजोड नव्हे काय? पतीमागून पत्नीने धर्म बदलावा यात कोणते स्वातंत्र्य, असेही विचारता येईल. मुलांच्या मृत्यूंसारख्या प्रसंगी निवेदिका जे थोडक्यात आवरते त्यात दडपलेली वेदना आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु तडजोड करणारी व्यक्ती समोरच्याचे दोष झाकते. लक्ष्मीबाई टिळकांचा राग, हट्ट आणि बेफिकिरी वाचकासमोर उघडपणे मांडतात. क्षमा आणि लपवाछपवी यांतील हा भेद सुटला, तर ग्रंथाचे नैतिक बळच हातून निसटते. पतीमागून जाण्याविषयी म्हणायचे, तर मधली पाच वर्षे हेच त्याचे उत्तर आहे.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. त्याचे उरलेले बहुतेक सारे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. कसलेही रीतसर शिक्षण न झालेल्या स्त्रीने कवीचे महाकाव्य हाती घ्यावे, या कृतीत त्यांच्या आशेचे स्वरूप स्पष्ट होते. त्या आशेने मृत्यूचे स्पष्टीकरण मागितले नाही. अर्धवट पडलेले काम तेवढे उचलले. मराठी समीक्षेला धार्मिक आशय हाताळताना नेहमी संकोच वाटत आला आहे. ‘स्मृतिचित्रे’ तिला असे सुचवते की श्रद्धेचा शोध विधानांत घेण्याऐवजी वाक्याच्या चालीत, प्रसंगाच्या मांडणीत आणि हसण्याच्या जागांत घ्यावा. तेथे ती अधिक खरी भेटते.