गाण्यातला ख्रिस्त

मराठी मंडळ्यांत आज स्तुती-आराधनेच्या वेळी जी नवी गाणी म्हटली जातात, त्यांत येशू राजा आहे, विजयी आहे, रोग बरे करणारा आहे. थकलेला, रडणारा, आपल्याच लोकांनी नाकारलेला येशू तिथे फारसा भेटत नाही. मला ही उणीव गंभीर वाटते, कारण प्रवचन विसरले जाते आणि गाणे तोंडी राहते. सामान्य विश्वासणाऱ्याचे ईश्वरज्ञान बहुतांशी त्याला पाठ असलेल्या गीतांतून घडते. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस यानेही आपली वादग्रस्त मते चौथ्या शतकात पद्यांतूनच पसरवली होती.

पद्यातून ईश्वरज्ञान पोचवण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगितली. देव काय करतो ते तिथे गोष्टीतून कळते. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची भाषांतरे केली. त्यांत पाप म्हणजे कर्ज किंवा अपराध, आणि तारण म्हणजे त्या कर्जाची फेड. सिद्धान्त चोख होता, पण परक्या चालीत बसवताना मराठी शब्दांची ओढाताण झाली. त्याच काळात अहमदनगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. टाळ-मृदंगाच्या साथीने सुवार्ता सांगणे लोकांना आपले वाटले.

या साऱ्याला उंची दिली कवी नारायण वामन टिळकांनी. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या गीतांत ख्रिस्त माउली आहे, गुरू आहे, जिवाचा सखा आहे. पाप म्हणजे त्याच्यापासून पडलेले अंतर, आणि तारण म्हणजे ते अंतर मिटणे. न्यायालयाच्या भाषेऐवजी इथे विरहाची भाषा येते. म्हणूनच ही गीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून पिढ्यानपिढ्या गायली गेली. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले, हेही इथे कृतज्ञतेने नोंदवायला हवे.

टिळकांची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांच्या काळी नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेली माणसे मोठ्या संख्येने होती. टिळकांच्या काव्यात मानवबंधुत्व भरभरून आहे. गावकुसाबाहेर सोसलेल्या अपमानाचा जळजळीत उच्चार मात्र त्यात क्वचितच होतो. ते काम पुढच्या गीतकारांनी करायला हवे होते.

ते झाले नाही. आजच्या गाण्यांत गिटार, कीबोर्ड आणि ड्रम आले याबद्दल माझी तक्रार नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणण्यालाही माझा विरोध नाही. नामस्मरणावर वाढलेल्या मराठी मनाला पुनरुक्तीचे बळ ठाऊक आहे. गाण्यात ‘मी’ फार येतो, हा नेहमीचा आक्षेपही मला अपुरा वाटतो. अभंगातही ‘मी’ असतोच. त्या ‘मी’चे काय होते, हा खरा प्रश्न आहे. टिळकांचा ‘मी’ देवापुढे विरघळतो. नव्या गाण्यातला ‘मी’ बहुधा काहीतरी मिळवतो: आशीर्वाद, अभिषेक, शत्रूवर जय. इंग्रजी आणि हिंदी गाण्यांच्या साच्यात घाईने ओतलेल्या ओळींत हे विशेष जाणवते. महिमा, सामर्थ्य, गौरव हे शब्द एकामागून एक येतात. देवाने ते सामर्थ्य कुठे आणि कोणासाठी वापरले, याची कथाच नसते. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले, असे फिलिप्पैकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तो भाग मुळात आद्य मंडळीचे गीत असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी देवाचे उतरणे गायले. आपण मात्र आपले चढणे गातो आहोत.

त्याहून मोठी पोकळी विलापाची आहे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी तक्रारीची आणि आक्रोशाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, त्याला दिलाशाची ओळ नाही. मूल दगावलेली आई, कर्जाने पिचलेला शेतकरी, काम सुटलेला तरुण आराधनेला येतो, तेव्हा त्याच्या तोंडी द्यायला आपल्याकडे विजयगीतच असते. त्याचे दुःख मग अविश्वास ठरते. हे नुसते संगीताच्या आवडीचे प्रकरण नव्हे. इथे ईश्वरज्ञानच चुकते आहे. मरीयेचे स्तोत्रही असेच मागे पडले आहे. अधिपतींना आसनावरून उतरवणारा आणि भुकेल्यांना तृप्त करणारा देव लूकच्या पहिल्याच अध्यायात आहे, पण आपल्या नव्या गाण्यांत तो सापडत नाही.

अपवाद आहेत. जुन्या चालीत नवे शब्द बांधणारे आणि गावच्या भजनी मंडळात लिहिणारे लोक अजून आहेत. त्यांची गीते रेकॉर्डिंगपर्यंत पोचत नाहीत, इतकेच.

तरुण गीतकारांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: भाषांतर करण्याआधी स्तोत्रसंहिता आणि तुकोबांची गाथा, दोन्ही वाचा. आणि पाळकांनी या उत्तम शुक्रवारी मंडळीकडून निदान एक विलापगीत म्हणून घ्यावे.