सही नसलेली चित्रकर्ती : लेव्हिना टेरलिंक

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जुन्या चांदीच्या रुपयाहून जेमतेम मोठे असे एक गोल व्यक्तिचित्र आहे. निळ्या पार्श्वभूमीवर एक तरुणी. ही लेडी कॅथरिन ग्रे, हर्टफर्डच्या अर्लची पत्नी, असे मागे लिहिलेले आहे. नऊ दिवसांची राणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जेन ग्रेची ही धाकटी बहीण. कॅथरिनने १५६० मध्ये एलिझाबेथ राणीला न विचारता गुपचूप लग्न केले आणि पुढच्याच वर्षी तिची रवानगी टॉवरच्या कैदेत झाली. म्हणजे मागचा मजकूर लग्नानंतरचा. चित्र त्याआधीचेही असू शकते. चित्र कोणाचे ते असे कळते. ते कोणी काढले, हे मात्र त्यावर कुठेच लिहिलेले नाही. आज ते लेव्हिना टेरलिंक हिच्या नावावर मांडले जाते, ते तर्काने. त्या तर्काची तपासणी हा या टिपणाचा हेतू आहे.

लेव्हिना ही ब्रूजचा नामांकित पोथीचित्रकार सिमोन बेनिंग याची थोरली मुलगी. घरात पाच मुली. हात तयार झाला तो बापाच्या कामाच्या ओट्यावर. इंग्लंडच्या दरबारातला होल्बाइन १५४३ मध्ये वारला, लुकास होरेनबाउट त्याच्या पुढच्या वर्षी. आठव्या हेन्रीला लघुचित्रकार हवा होता. १५४६ मध्ये लेव्हिनाला वर्षाला ४० पौंडांची नेमणूक मिळाली. होल्बाइनला ३० पौंड मिळत. पुढे एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ अशा तिन्ही कारकिर्दींत ती दरबारात टिकून राहिली. नववर्षाच्या नजराण्यांच्या याद्यांत तिचे नाव पुन्हा पुन्हा येते : १५५९ मध्ये राणीचे पत्त्यावर रंगवलेले चित्र, १५७६ मध्ये पुन्हा तसेच एक. त्याच वर्षी जूनमध्ये ती वारली. ग्विच्चार्दिनी आणि वासारी यांनीही तिची दखल घेतली होती. इतका कागदोपत्री पुरावा असलेल्या या बाईचे सही असलेले एकही चित्र आज हाती नाही.

येथे ‘पत्त्यावर’ म्हणजे अक्षरशः खेळण्याच्या पत्त्यावर. घोटून गुळगुळीत केलेले पातळ चर्मपत्र पत्त्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे, त्यावर त्वचेच्या रंगाचा सपाट हात द्यायचा आणि खारीच्या केसांच्या कुंचल्याने बारीक रेघांनी चेहरा उठवायचा. हे तंत्र पोथ्यांतून आले. ‘मिनिएचर’ हा शब्दही मुळात लहान आकारावरून आलेला नाही. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर. हस्तलिखितांतली अक्षरे शेंदराने रंगवण्याचे जे काम, त्यावरून तो आला.

आपल्याकडे दगडाला शेंदूर फासला की देव होतो. निनावी चित्रांना नाव लावण्याचा व्यवहारही पुष्कळदा असाच चालतो. रॉय स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये याच संग्रहालयात ट्यूडर दरबारातील चित्रकारांचे प्रदर्शन भरवले. होल्बाइनचे नाहीत, होरेनबाउटचे नाहीत, हिलियर्डचे नाहीत अशा लघुचित्रांचा एक गट त्या सुमारास लेव्हिनाच्या नावाखाली एकत्र आला. गटाची ओळख कोणती? डोके मोठे, हात काडीसारखे, रंगाचा थर पातळ, रेखाटन कच्चे. काळ जुळतो, दरबार जुळतो, म्हणून ही चित्रे तिची. पुढचे पाऊल मात्र धोक्याचे आहे. चित्रे कच्ची, म्हणून लेव्हिना सामान्य वकुबाची चित्रकर्ती! म्हणजे कच्चेपणाच्या खुणेवरून चित्रे तिच्या पदरात टाकायची आणि मग त्याच चित्रांवरून तिला कच्ची ठरवायचे. हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो.

याला उलट टोक गाठून, ‘पगार होल्बाइनहून जास्त, म्हणून ती होल्बाइनहून थोर’ असे म्हणणेही मला मान्य नाही. दोन चित्रकार पाठोपाठ गेल्यावर राजाची गरज तातडीची होती. आणि पुढे एलिझाबेथच्या दरबारात ती राणीच्या अंतर्गृहातली मानकरीणही होती. दरबाराचा पैसा केवळ कुंचल्याला मिळत नाही. पण तीस वर्षे, चार राज्यकर्त्यांसमोर, धर्म आणि राजकारण उलटेपालटे होत असताना जिचे काम स्वीकारले गेले, तिचा हात कच्चा होता असे मानायला स्वतंत्र पुरावा लागेल. तो या गटाबाहेर मला आढळलेला नाही.

कॅथरिनचे हे चित्र मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. छायाचित्र मोठे करून पाहिले आहे, आणि एवढ्या लहान चित्राला असे मोठे करणे थोडे अन्यायाचेच. तरी चेहऱ्यावरचा रंग इतका विरळ आहे की खालचा गुलाबी हात जाणवतो, आणि त्यामुळेच ती मुलगी जिवंत वाटते. बेल्व्हॉर किल्ल्यात कॅथरिनचेच आणखी एक लघुचित्र आहे, तेही लेव्हिनाच्याच नावावर सांगितले जाते. त्यात कडेवर तान्हा मुलगा, आणि गळ्यात नवऱ्याचे लघुचित्र. राणीने मोडीत काढलेला संसार त्या दोन-तीन बोटांच्या जागेत एकत्र मांडलेला आहे. हे चित्र राणीच्याच पगारी चित्रकर्तीने काढले असेल, तर ते धाडस म्हणावे लागेल. दुसऱ्या कोणी काढले असेल, तर त्या निनावी हातालाही श्रेय द्यायला हवे. तोवर पाटीवर लेव्हिनाचे नाव राहू द्यावे, पण त्यापुढे ‘बहुधा’ हा शब्द ठळक असावा, आणि तिची योग्यता मोजताना नजराण्यांच्या याद्या या चित्रांच्या आधी वाचल्या जाव्यात.