संगणक, देवनागरी आणि आपले लोकमत

ग्रंथावर टीका लिहिण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे; रूढ लोकमतावर टीका लिहिण्याची तितकीशी नाही. परंतु संगणक आणि मोबाईल यांच्याविषयी काही मते आपल्या समाजात इतकी स्थिर झाली आहेत, की एखाद्या बहुवाचित ग्रंथाप्रमाणे त्यांचेही परीक्षण करणे आम्हांस अवश्य वाटते. देवळाच्या सभामंडपात, मंगलकार्याच्या पंगतीत, ग्रंथसंग्रहालयाच्या वाचनकक्षात ही मते नित्य ऐकू येतात. त्यांतील तीन मते मुख्य आहेत. पहिले, यंत्राला मराठी-कोंकणी नीट येत नाही. दुसरे, पडद्यावर किंवा कागदावर अक्षर बरोबर दिसले म्हणजे काम झाले. आणि तिसरे, रोमन अक्षरांत लिहिले तरी अर्थ पोहोचतो, मग बिघडले काय? या तिन्ही मतांत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती टिकली आहेत. तो अंश किती आणि त्यापुढे भ्रम किती, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या विचारास हैदराबादइतके योग्य स्थळ दुसरे क्वचितच सापडेल. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी संस्था १९६७ साली याच नगरात स्थापन झाली आणि तिने १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा संगणक तयार केला. १९९८ साली हायटेक सिटीतील सायबर टॉवर्स उभे राहिले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे विकासकेंद्र येथे सुरू झाले, आणि आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे ट्रिपल आयटीचा, आरंभही त्याच वर्षीचा. दुसऱ्या बाजूने पाहता, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा याच राजधानीच्या अधीन होता. केशवराव कोरटकरांच्या पिढीने येथे मराठीच्या शिक्षणाचा पाया घातला. विवेकवर्धिनी, मराठी ग्रंथसंग्रहालय, मराठी साहित्य परिषद या संस्थांनी तो सांभाळला. मराठवाडा महाराष्ट्राकडे गेला, पण येथील मराठी आणि कोंकणी कुटुंबे येथेच राहिली. शाळेत तेलुगू, बाजारात दक्खिनी, कचेरीत इंग्रजी आणि देवघरात आपली भाषा, अशी त्यांची वाटणी झाली. जगाला लागणारी संगणकप्रणाली जेथे लिहिली जाते, त्याच नगरात आपली लिपी घरातल्या घरात मागे पडत आहे. हा विरोध आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

प्रथम पहिले मत घेऊ. यंत्राला मराठी येत नाही, हे एके काळी खरेच होते, आणि ते केवळ संगणकापुरतेही नव्हते. गोव्यात १६१६ साली थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले; भाषा मराठी, पण लिपी रोमन. देवनागरीचे ठसे पाडण्याची त्यांची इच्छा होती, परंतु जोडाक्षरांमुळे लागणाऱ्या शेकडो साच्यांचा प्रश्न सुटला नाही. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांच्यासारख्या कल्पक मुद्रकांनी तो सोडविला. टंकलेखनयंत्र आले तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मग यंत्राच्या सोयीसाठी लिपीच बदलावी, असे थोरामोठ्यांस वाटू लागले. सावरकरांनी सुचविलेली अ-ची बाराखडी किर्लोस्करांच्या मासिकांनी वापरली. १९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचे ठरविले. वाचकांच्या डोळ्यांस हे रुचले नाही आणि या सुधारणा मागे पडल्या. याच नगरीतील उर्दू वृत्तपत्रांनीही ठशांची नस्ख लिपी न स्वीकारता दीर्घकाळ कातिबांकडून नस्तालीक लिहवून घेतली, कारण वाचकांना तीच आपली वाटत होती.

आज परिस्थिती उलट झाली आहे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की ही संकेतपद्धती निश्चित केली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला. विंडोज २००० या प्रणालीत हिंदीबरोबरच मराठी, कोंकणी आणि संस्कृत या भाषांचीही सोय होती, आणि पुढे घरोघरी दिसू लागलेला ‘मंगल’ हा टंक प्रा. र. कृ. जोशी या मराठी अक्षरतज्ज्ञाने घडविला होता. जोडाक्षर कसे जुळवावे, वेलांटी कोठे बसवावी, हे आता यंत्र स्वतः पाहते. लिपीचा एक कानाही न बदलता यंत्र लिपीपुढे नमले. स्टीफन्सपासून लखनौच्या परिषदेपर्यंत सर्वांना जे हवे होते, ते आपल्या हाती आले आहे, आणि नेमक्या याच वेळी आपण लिपी सोडून देत आहोत.

मग ‘येत नाही’ हा अनुभव येतो कोठून? बहुतेक वेळा तो आपल्या जुन्या कागदपत्रांतून येतो. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाई ज्या टंकांवर चालली, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसे, पण यंत्राच्या स्मरणात तेथे इंग्रजी अक्षरच असे. तो टंक ज्या संगणकावर नाही, तेथे तीच फाईल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. आमच्या किती देवस्थानांच्या स्मरणिका, किती मंडळांची इतिवृत्ते, किती नियतकालिकांचे अंक अशा फायलींत अडकले असतील, याचा विचार वाचकांनी स्वतःच्या संस्थेपुरता करावा. ताम्रपट जमिनीत पुरला तरी शतकांनंतर वाचता येतो. ही फाईल वीस वर्षांतच मुकी होते. ती पुन्हा बोलकी करण्याचे परिवर्तक उपलब्ध आहेत. मात्र मूळ टंकाचे नाव ठाऊक असलेला मनुष्य हयात आणि संपर्कात असेपर्यंतच हे काम सुकर असते.

दुसरे मत अधिक सूक्ष्म आहे, म्हणून अधिक घातकही आहे. ‘दिसले म्हणजे झाले’ असे म्हणणाऱ्यांस आम्ही एक उदाहरण देतो. देवळाच्या उत्सवाच्या पत्रिकेत ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यावयाची की ‘आचाऱ्यांना’, यांत विद्वान गुरुजी आणि स्वयंपाकघर यांच्याइतके अंतर आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. रफार आणि अर्धा र यांतील हा भेद मराठीच्या व्याकरणाचा आहे. हिंदीला त्याची गरज नाही. युनिकोडने तो पाळण्याची सोय केली आहे, परंतु तो अर्धा र लिहिण्याचे दोन मार्ग शिल्लक राहिले आहेत: एक नुक्ता असलेल्या ‘ऱ’ पासून, दुसरा साध्या ‘र’ ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर तो सापडेलच असे नाही. ‘ॲ’ या अक्षराची कथाही अशीच. त्यास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वी लोक ‘अ’ वर चंद्र ठेवून ते लिहीत, आणि काही जण आजही तसेच लिहितात.

दिसण्यावर संतुष्ट राहण्याची याहून मोठी हानी चित्रांच्या रूपाने होते. उत्सवाचा कार्यक्रम, निधनवार्ता, पुराणिकबुवांच्या प्रवचनाचा सारांश, सारे काही सुरेख चित्र करून व्हॉट्सॲपवर पाठविले जाते. आपल्याला ते लेखन दिसते, पण यंत्राच्या दृष्टीने ती केवळ नक्षी असते. त्यातून शब्द उचलता येत नाही, आणि दृष्टी मंदावलेल्या वृद्धास ते वाचून दाखविणे यंत्राला कठीण जाते. चित्रातील अक्षरे ओळखण्याच्या तंत्रावर ट्रिपल आयटीत बरेच संशोधन झाले आहे, आणि ते स्तुत्य आहे. तथापि जुन्या ग्रंथांसाठी जे तंत्र निर्माण झाले, त्याचा भार आपण आज सकाळी लिहिलेल्या चार ओळींसाठी का टाकावा?

‘दिसणे’ आणि ‘असणे’ यांतील या अंतराचे हैदराबादेशी निगडित असे आणखी एक उदाहरण आहे. डॉ. राज रेड्डी यांच्या प्रेरणेने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचा जो उपक्रम चालला, त्याच्या प्रमुख केंद्रांत येथील ट्रिपल आयटी होती. हजारो जुन्या भारतीय ग्रंथांची पाने त्यात चित्रित झाली. मराठी ग्रंथही त्यात पुष्कळ. ते मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले, तरी त्यातील अनेक प्रती इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. या कार्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ग्रंथांची नावे रोमन अक्षरांत, ज्याला जशी सुचली तशी नोंदली गेली. परिणामी ग्रंथ असूनही तो शोधणाऱ्याच्या हाती लागेल याची शाश्वती नाही. ग्रंथपाल नोंदवहीत एक ओळ चुकीची लिहितो, तेव्हा ग्रंथ कपाटातच हरवतो. येथे तेच घडले, मात्र कपाट फार मोठे होते.

आता तिसरे मत. रोमनमध्ये लिहिण्याचे समर्थन करताना कोंकणीचा दाखला दिला जातो. कोंकणी देवनागरीत लिहिली जाते, तशी रोमनमध्ये, कन्नडमध्ये आणि मलयाळममध्येही लिहिली जाते. मग आम्हीच देवनागरीचा आग्रह का धरावा? हा दाखला नीट तपासला पाहिजे. गोव्यातील रोमन कोंकणीस शतकांची परंपरा आहे, तिचे लेखनसंकेत आहेत, तिच्यात नियतकालिके आणि ग्रंथ आहेत. स्टीफन्स यांनीही मराठी वर्णांसाठी रोमन अक्षरांची एक विचारपूर्वक योजना केली होती. मोबाईलवरील आपल्या रोमनला असा कोणताच नियम नाही. एकच शब्द बाप एका तऱ्हेने लिहितो, मुलगी दुसऱ्या तऱ्हेने. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘बाल’ आणि ‘बाळ’, ‘मन’ आणि ‘मण’ तेथे एकरूप होतात. ळ आणि ण हे वर्ण मराठी-कोंकणीच्या कानाचे वैशिष्ट्य. ते डोळ्यांपुढून गेले की काही काळाने कानातूनही जातात. ज्या मुलाला गोत्राचे नाव केवळ रोमनमध्ये ठाऊक आहे, तो संकल्पाच्या वेळी ‘कौंडिण्य’ कसे उच्चारील, हे भटजींना विचारावे.

हैदराबादेत या प्रश्नाची धार अधिक आहे. पुण्यात किंवा मडगावात दुकानाची पाटी आणि वर्तमानपत्र मुलाच्या डोळ्यांना देवनागरीची आठवण देत राहतात. येथे त्याला शाळेत हिंदी शिकविली जाते, म्हणून देवनागरी ओळखता येते एवढेच. आजीचे पत्र वाचण्याची संधी त्यास मिळत नाही, कारण आजीही आता रोमनमध्येच लिहू लागली आहे. घरातील निरोपांचा तो लहानसा पडदा हेच आज आपल्या लिपीचे येथील शेवटचे नित्य स्थान आहे. तेही आपण होऊन सोडले, तर पुढच्या पिढीला ग्रंथसंग्रहालयाच्या कपाटांचे प्रयोजन उरणार नाही.

लोकमताच्या बाजूने जे खरे आहे, तेही सांगितले पाहिजे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली ती अधिकृतपणे निश्चित केली. तरीही दोन्ही वळणांचा क्रमांक एकच असल्यामुळे पुष्कळ मोबाईलवर हिंदी वळणच दिसते. याविषयीची तक्रार रास्त आहे. कोंकणी लिहिताना ‘म्हजें’, ‘न्हंय’ यांसारखे शुद्ध शब्दही यंत्राला अशुद्ध वाटतात, हेही रास्त गाऱ्हाणे आहे. १९७५ साली साहित्य अकादेमीने आणि १९९२ साली संविधानाने स्वतंत्र मानलेली भाषा यंत्राच्या हिशेबी आली ती फार उशिरा. गुगलच्या भाषांतरयंत्रात तिचा समावेश २०२२ मध्ये झाला. परंतु यंत्र भाषा शिकते ती लिहिलेल्या मजकुरावरून. आपण चित्रांत आणि नियमहीन रोमनमध्ये लिहीत राहिलो, तर त्याने शिकावे कशावरून? कळपाट्यावर बोटे वळत नाहीत ही वृद्धांची अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी बोलून लिहिण्याची सोय मोबाईलवर आहे, ती त्यांना शिकविणे हे घरातील तरुणांचे काम आहे.

आमच्या मते देवस्थानांच्या समित्यांनी आणि मंडळांनी तीन गोष्टी कराव्यात. छापखान्याकडून स्मरणिका घेताना छापील प्रतीबरोबर युनिकोडमधील मजकूरही मागून घ्यावा. जुन्या टंकांतील फायली, त्या बनविणारी माणसे आहेत तोवर, परिवर्तित करून घ्याव्यात. आणि निरोपाचे चित्र पाठविलेच, तर त्याखाली तोच मजकूर देवनागरीत लिहावा. या कामास पैसा फारसा लागत नाही. एखादा संगणक जाणणारा तरुण आणि एखादा जुना कार्यवाह यांनी काही रविवार एकत्र बसण्याची तयारी लागते. या नगरात पहिल्यांची वाण नाही. दुसऱ्यांची संख्या मात्र दरवर्षी कमी होत आहे.